रिफाचा सलुकी, जतची कारवानी

"काका, पन्नास हजार पाठवता का? पुढच्या हंगामात फेडतो."

गेल्या नोव्हेंबरात पुतण्याचा जतहून फोन आला, तेव्हा मी घराखालच्या कोल्ड स्टोअरसमोर पाव घेत उभा होतो. इथे बहरीनमध्ये कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. मला वाटलं, बोअरचं काहीतरी असेल. आमच्याकडे फोन आला की आधी पाणी, मग दवाखाना, मग लग्न, असा क्रम असतो. पण हे चौथंच निघालं. त्याला शर्यतीचा ग्रेहाउंड नर विकत घ्यायचा होता.

"आणि हरणीला तोच लावायचा. पिल्लं अशी पळतील ना काका, की बुलेट दारात उभी राहील."

हरणी म्हणजे आमच्या घरची कारवानी कुत्री. वय तीन वर्षं. आज्जांच्या काळापासून आमच्या वस्तीवर याच जातीची कुत्री आहेत. उंच, सडपातळ, पोट आत गेलेलं, तोंड लांबट आणि डोळ्यांत कायम लांबवर काहीतरी बघितल्याचा भाव. एकेकाळी आमच्याकडे चार-पाच असायची. आता हरणी एकटीच उरली आहे. तिला ग्रेहाउंड लावला म्हणजे आमच्या दारातला तो वंश तिथेच संपला.

त्याच रात्री अण्णांचा फोन. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अजून खणखणीत. "तू नको म्हणून सांग त्याला. माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल. पैसे तुझ्याकडं आहेत."

परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य ओळखीचं असेल. आपण घरात नसतो, पण घरातले निर्णय मात्र आपल्या खात्यावरून जातात. पैसे पाठवले तरी आपण दोषी, नाही पाठवले तरी दोषी. मी दोघांनाही "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. खरं तर बघण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. शर्यत म्हणजे जो पुढे तो जिंकला, एवढंच मला ठाऊक होतं. कुत्र्याची परीक्षा आणखी कितीतरी प्रकारे घेतात, हे मला रिफाने शिकवलं. तेच आज सांगतो.

सखीरच्या वाळूत

रिफा हे बहरीनच्या मधोमध वसलेलं गाव. मनामासारखा इथे समुद्र दिसत नाही. उंचवटा आहे, त्याखाली हुनैनिया खोरं आहे आणि त्यावर १८१२ साली बांधलेला किल्ला उभा आहे. संध्याकाळी किल्ल्याच्या भिंतीवरून खाली बघितलं की मला सह्याद्री आठवत नाही, खोटं कशाला बोलू, पण जतचा माळ नक्की आठवतो. तेच बुटकं खुरटं झुडूप, तोच भगभगीत उजेड.

आमचे घरमालक सत्तरीचे आहेत. मी त्यांना 'हाजी' म्हणतो. त्यांच्याकडे एक सलुकी आहे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी जागच्या जागी थबकलो. आमच्याच वस्तीवरचं कुत्रं विमानाने आलं की काय, असं वाटलं! फक्त कानांवर आणि शेपटीवर रेशमासारखे लांब केस. हाजी म्हणाले, बिनकेसांची सलुकीही असते. ती पाहिलीत तर तुम्हाला फरक कळणारसुद्धा नाही. जाणकारांपैकी अनेकांचं म्हणणं असं, की आपल्याकडची कारवानी ही व्यापाऱ्यांच्या आणि फौजांच्या काफिल्यांबरोबर पश्चिमेकडून आलेल्या अशाच कुत्र्यांची वंशज. 'कारवान' हे नावच त्याची साक्ष देतं.

अरबांच्या घरात एरवी कुत्र्याला प्रवेश नाही. सलुकीला आहे. बदाऊनांच्या तंबूत ती माणसांच्या शेजारी झोपायची. तिला ते साधं कुत्रं म्हणतच नाहीत. "ही कुत्री नाही, ही सलुकी," असं हाजीही मला दोनदा बजावून झाले.

हिवाळ्यात इथले लोक सखीरच्या वाळवंटात तंबू टाकतात. शुक्रवारी पहाटे हाजींनी मला बरोबर नेलं. त्यांच्या पुतण्यांकडे ससाणे आहेत. एकाने ससाण्याच्या डोळ्यांवरची टोपी काढली. दुसरा लांब उभा राहून दोरीला बांधलेला पिसांचा झुबका गरागरा फिरवत होता. त्याला 'तिलवाह' म्हणतात. ससाणा मुठीवरून सुटला, जमिनीलगत सरळ रेषेत गेला आणि झुबक्यावर आदळला. मी दोन वेळा डोळे मिटले-उघडले, तेवढ्यात सगळं संपलं. आखातात याच प्रकाराच्या मोठ्या स्पर्धा होतात. अंतर ४०० मीटर, वेळ यंत्राने मोजलेली आणि पहिल्या-दुसऱ्यातला फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. कतारमध्ये सीलाइनजवळ जानेवारीत भरणाऱ्या मर्मी महोत्सवात ससाण्यांबरोबर सलुकींचीही स्पर्धा असते. अबुधाबीच्या अल धफ्रा महोत्सवातही सलुकी धावतात. पुढे गाडीने ओढलेलं आमिष आणि मागे दोन-अडीच किलोमीटर वाळू तुडवणारी कुत्री.

"पूर्वी हे दोघं एकत्र काम करायचे," हाजी म्हणाले. ससाणा वरून सावज हेरायचा, झडप घालून त्याला घाबरवायचा, तोवर सलुकी पोहोचायची. ससा किंवा हरिण असेल तर ही जोडी. हुबारा पक्ष्यासाठी मात्र मुख्य भरवसा ससाण्यावर. हुबारा काही कमी नाही! ससाणा जवळ आला की तो चिकट विष्ठेची पिचकारी मारतो आणि ससाण्याची पिसं चिकटवून टाकतो.

हुबारा म्हणजे आपल्या माळढोकाचा चुलतभाऊ. दोघांची गतही तीच. अतोनात शिकारीने हुबारा इतका घटला, की आता त्याची पैदास करून त्याला रानात सोडावं लागतं. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं, पण आज तिथे माळढोक दिसला तर ती बातमी होते. मी हाजींना हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणून आता झुबका फिरवायचा. पक्षी राहिला नाही, पण ससाणा राहिला पाहिजे."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. शिकार गेली. मग शिकारी जनावराचं काय करायचं? त्याच्या अंगातलं कसब कशावर जगवायचं? उत्तर एकच असतं, स्पर्धा. पण कुठली?

स्कॉटलंडचा माणूस काय म्हणाला

आमच्या प्रकल्पावर एक स्कॉटिश सहकारी आहे. निवृत्तीला आलेला, बोलायला मोजका. त्याच्याकडे गावी लॅब्रेडॉर आहेत आणि तरुणपणी तो पक्ष्यांच्या शिकारीच्या कुत्र्यांच्या स्पर्धांना जायचा. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला पुतण्याची गोष्ट सांगितली. त्याने डबा बाजूला सारला आणि पेपर नॅपकिनवर आकृत्या काढायला लागला. त्या दिवशी पाऊण तासात मला जेवढं कळलं, तेवढं मी एरवी वर्षभरात वाचलं नसतं.

पक्ष्यांच्या शिकारीची कुत्री आपल्या कारवानीसारखी डोळ्यांवर चालत नाहीत, नाकावर चालतात. त्यांचेही प्रकार आहेत. पॉइंटर आणि सेटर वाऱ्याविरुद्ध डावी-उजवीकडे नागमोडी धावत रान पिंजून काढतात. पक्ष्याचा वास आला की जागच्या जागी दगड होतात. स्पॅनियल झुडपात घुसून पक्षी उडवतो. रिट्रीव्हर पडलेला पक्षी शोधून, दात न लावता मालकाच्या हातात आणून देतो.

यांची पहिली रीतसर स्पर्धा इंग्लंडमध्ये बेडफर्डशरमधल्या साउथहिल इथे १८६५ साली झाली, पॉइंटर आणि सेटर कुत्र्यांची. तिला 'फील्ड ट्रायल' म्हणतात. कुत्री जोडीने सोडतात. एकाने पक्षी दाखवला की दुसऱ्याने त्याचा मान राखून मागेच थांबायचं. मला हे फार आवडलं. दुसऱ्याचा पक्षी पळवणारं कुत्रं कितीही वेगवान असलं तरी त्याला घरी पाठवतात. वसंत ऋतूत होणाऱ्या काही ट्रायलमध्ये तर पक्षी मारतच नाहीत. तित्तिरांच्या जोड्या शोधायच्या, दाखवायच्या आणि उडू द्यायच्या.

रिट्रीव्हरच्या ट्रायलमध्ये नियम आणखी कडक. बंदुकीचा आवाज होताच हुकमाशिवाय धावलं, तर बाद. रांगेत बसून कुंई-कुंई केलं, तरी बाद. आणलेल्या पक्ष्याच्या बरगड्या पंच हाताने चाचपतात. दाबलेल्या निघाल्या, तर कुत्र्याचं तोंड कडक आहे म्हणून बाद. पहिल्या कुत्र्याला न सापडलेला पक्षी दुसऱ्याने शोधून आणला, तर पहिल्याचा खेळ तिथेच आटोपला.

अमेरिकेत याचं रूप पालटलं. टेनेसी राज्यातल्या ग्रँड जंक्शन गावी पक्षीकुत्र्यांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होते. तिची सुरुवात १८९६ ची. कुत्र्यांची प्रत्येक जोडी सलग तीन तास धावते. मालक, पंच आणि प्रेक्षक सगळे घोड्यांवर. लाव्यांसारखे बॉबव्हाइट पक्षी शोधायचे, पण गोळी घालायची नाही, फक्त रिकामा बार काढायचा. इथे बघतात ते कुत्रं किती लांब जातं, किती झोकात धावतं आणि तिसऱ्या तासालाही त्याच्यात दम आहे का.

"आणि मग काय झालं?" स्कॉटिश गृहस्थांनी नॅपकिनवर रेघ मारली. "घोड्यावरचे पंच लांब धावणाऱ्या कुत्र्याला नंबर देत गेले, म्हणून लोक लांब धावणारीच कुत्री पैदा करत गेले. पायी शिकार करणारा साधा माणूस म्हणू लागला, अरे, माझं कुत्रं तर डोंगरापलीकडे गेलं!"

यातूनच दुसरी वाट निघाली, चाचणीची. १९६९ मध्ये उत्तर अमेरिकेत 'नावडा' नावाची संघटना स्थापन झाली. तिच्या परीक्षेत पहिला-दुसरा हा प्रकारच नाही. सोळा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाची उपजत गुणांची परीक्षा असते. नाक, शोध, पाणी, पक्षी दाखवणं, माग काढणं, कामाची ओढ आणि मालकाशी सहकार्य, अशा सात गोष्टी बघतात आणि जास्तीत जास्त ११२ गुण देतात. ठरलेल्या पातळीला पोहोचेल त्या प्रत्येकाला पहिली श्रेणी. दहा आली तर दहांना, एकही नाही आलं तर कुणालाच नाही. पुढे १९८५ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने रिट्रीव्हरसाठी आणि त्यानंतरच्या वर्षी पॉइंटिंग कुत्र्यांसाठी अशाच चाचण्या सुरू केल्या. त्यात ज्युनिअर, सीनिअर, मास्टर असे तीन टप्पे असतात.

सोपं करून सांगायचं तर ट्रायल म्हणजे जिल्ह्यात पहिला येणं आणि चाचणी म्हणजे दहावी पास होणं. ट्रायलमध्ये आपल्या कुत्र्याचा निकाल शेजारच्या कुत्र्यावर अवलंबून असतो, चाचणीत त्याच्या स्वतःवर. दोन्हींचे फायदे-तोटे आहेत. ट्रायल नसेल तर उत्तमातलं उत्तम कुठलं ते कळत नाही आणि पुढच्या पिढीसाठी नर-मादी निवडायला आधार राहत नाही. फक्त ट्रायलच असेल तर थोडेसे धंदेवाईक जिंकत राहतात, बाकीचे घरी बसतात. चाचणीत सामान्य माणूस आपल्या एकुलत्या एका कुत्र्याला घेऊन जातो आणि संध्याकाळी हसत घरी येतो. पण सगळेच पास होऊ लागले, तर त्या पास होण्याला काय किंमत, असाही प्रश्न उरतोच.

उठता उठता तो म्हणाला, "तुझ्या पुतण्याला एकच विचार. त्याची शर्यत नेमकं काय मोजते? कारण जे मोजाल, तेच दहा वर्षांनी तुमच्या दारात बांधलेलं असेल."

आपल्याकडे काय होतं

त्या रात्री मी आपल्या मातीतलं शोधत बसलो. शिकारीसाठी जनावर माणसाळवणं आपल्याला काही नवं नाही. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून हरणांची शिकार होत असे. त्याच्याही मागे जा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. जुन्या मराठीचे नमुने सापडतात म्हणून आपल्याकडे त्याचं नाव घेतलं जातं. त्यात राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकींमध्ये, कुत्र्यांचा सारमेयविनोद आहे आणि ससाण्यांचा श्येनविनोदही आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूर-सोलापूरला लागून असलेलं. हाजींचे पुतणे सखीरला जे करतात, ते नऊशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारी ग्रंथात लिहून ठेवलेलं होतं!

राजांचं सोडा. माधव गाडगीळ आणि के. सी. मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला होता. त्यात दिसलं, की तिरुमल नंदीवाले कुत्र्यांच्या जोरावर रानडुकरासारखी मोठी सावजं धरायचे. वैदू वेगळी, लहान सावजं सापळ्यांनी धरायचे. फासेपारधी मात्र हरणं आणि तित्तिर, लावे असे पक्षी फाशांनी पकडायचे. रान एकच, पण ज्याचं त्याचं सावज वाटून घेतलेलं. म्हणजे आपल्या दख्खनी माळावर पक्षी हे फाशाचं काम होतं आणि लांब पल्ल्याची धाव हे कुत्र्याचं. म्हणूनच आपल्याकडे पॉइंटर घडला नाही, कारवानी घडली.

कारवानीचा मान वाढवला तो मुधोळच्या घोरपड्यांनी. राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात निवडून जोपासली आणि इंग्लंडच्या राजालाही भेट दिली, असं सांगतात. तिकडे तिला 'मुधोळ हाउंड' हे नाव मिळालं, इकडे लातूर-सोलापूरकडे 'कारवानी' राहिलं. ९ जानेवारी २००५ ला टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ हाउंड आहे. आपल्या लष्करानेही मेरठच्या केंद्रात मुधोळ कुत्र्यांना शिकवून बघितलं.

पण शिकार थांबली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तो यायलाच हवा होता. कुत्र्यामागे ससा पळवणं हा आता गुन्हा आहे. कुत्री दाराशी बसली. मग यात्रा-जत्रांतून श्वान शर्यती वाढल्या. सांगली, सातारा, कोल्हापूर भागात सरळ मैदान, पुढे आमिष आणि काही सेकंदांचा खेळ. तो खेळ मोजतो एकच गोष्ट, सरळ रेषेतला वेग. त्यात ग्रेहाउंडला तोड नाही. त्याला इंग्रजांनी पिढ्यान् पिढ्या त्यासाठीच घडवलं आहे. म्हणून जो तो कारवानीत ग्रेहाउंड मिसळतो. पिल्लू पळतं झकास, पण आपल्या उन्हात तासभर मेंढरांमागे चालायचं म्हटलं की जीभ बाहेर. हाडं नाजूक, कातडी पातळ. आमच्याच भावकीतल्या एकाचा ग्रेहाउंड शर्यतीत पाय मोडून बसला, तो परत कधी उभा राहिला नाही. बक्षिसाचे फोटो सगळ्यांनी पाहिले, तो कुत्रा कुठे गेला हे कुणी विचारलं नाही.

हा प्रश्न जगभरही आहे. कॅलिफोर्नियात १९१९ मध्ये यांत्रिक ससा आला, तेव्हा सशाचा जीव वाचला म्हणून लोकांना बरं वाटलं. मग पैजा आल्या, पैसा आला आणि हरणाऱ्या कुत्र्यांचं ओझं झालं. २०१८ मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी ग्रेहाउंडच्या व्यावसायिक शर्यती बंद करायचा कौल दिला.

शंभर गुणांचा कागद

मग पुतण्याला नुसतं 'नको' म्हणायचं? तेवीस वर्षांच्या पोराला, ज्याच्या गावात दुसरी करमणूक नाही आणि दुसरी मिळकतही नाही? मला ते जमेना.

उपाय शोधताना सापडला. अमेरिकेत सलुकी, ग्रेहाउंड अशा डोळ्यांवर धावणाऱ्या कुत्र्यांसाठी १९७२ मध्ये एक संघटना निघाली. तिथे रानातल्या सशाऐवजी प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पिशव्या दोरीला बांधतात. दोरी जमिनीवर लावलेल्या कप्प्यांमधून वळणं घेत पळते, अगदी ससा पळतो तशी. वेळ मोजतच नाहीत. पंच शंभरपैकी गुण देतात. वेगाला २५, चपळाईला २५, दमाला २०, उत्साहाला १५ आणि आमिषाचा माग न सोडण्याला १५.

हा कागद मी हाजींना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे माझ्या वडिलांना दाखवायला हवं होतं. ते असंच बघायचे. वेग चौथाईच! बाकी सगळं डोकं आणि छाती."

मी पुतण्याला फोन लावला. "पैसे पाठवतो. पण नरासाठी नाही. आधी एक काम कर. जुनी मोटर शोध, कप्प्या लाव, पिशव्या बांध. वळणावळणाची वाट आखून दे. ज्याचा ग्रेहाउंड घ्यायचा म्हणतोस, त्यालाही बोलाव. दोघांना पळव आणि व्हिडिओ पाठव. गुण आम्ही इथून देऊ. तुझा ग्रेहाउंड जिंकला, तर मी अण्णांना समजावतो."

"आणि हरणी जिंकली तर?"

"मग मुधोळकडून चांगला, नोंदणी असलेला नर आणायचा. खर्च माझा."

अण्णा माझ्यावर चिडले. "जुगार लावलास होय रे घरच्या कुत्रीवर?" म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं. मलाही रात्री झोप लागली नाही. ग्रेहाउंड जिंकला असता, तर शब्द पाळावा लागला असता.

जानेवारीतल्या एका रविवारी व्हिडिओ आला. पोराने उसाच्या गुऱ्हाळावरची जुनी मोटर आणि सायकलच्या रिम वापरून झकास जुगाड केला होता. नांगरट न केलेलं रान, सहा वळणं. दगड वेचून काढलेले, कुत्र्यांना आधी पाणी पाजलेलं. एवढं सगळं मी सांगितलंही नव्हतं. गावातली पंचवीस-तीस माणसं गोळा झालेली.

पहिल्या सरळ टप्प्यात ग्रेहाउंड गोळीसारखा सुटला. हरणी चार-पाच हात मागे. माझ्या पोटात गोळा आला. पहिल्या वळणावर तो रुंद गेला, सावरला. दुसऱ्या वळणावर परत रुंद. हरणी मात्र वळणाच्या आधीच अंग वळवत होती, जणू पिशवी कुठे जाणार हे तिला माहीत होतं. पाचव्या वळणावर दोघं बरोबरीत आली. पिशव्यांपाशी आधी ग्रेहाउंडच पोहोचला, निसटता. अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतरच्या दुसऱ्या फेरीत मात्र त्याचा दम कमी पडला आणि तिसऱ्याला त्याच्या मालकानेच त्याला सोडलं नाही. शहाणा माणूस. हरणी तिसरी फेरी एकटीच धावली, पहिलीइतक्याच ओढीने.

हाजींच्या मजलिसमध्ये आम्ही तिघे बसलो होतो. ते, मी आणि स्कॉटिश पाहुणा. समोर गहवा आणि खजूर. तिघांनी वेगवेगळे गुण लिहिले. वेगात तिघांनीही ग्रेहाउंडला वरचढ ठरवलं. बाकी चारही रकान्यांत हरणी पुढे. बेरीज कुणाचीच सारखी नव्हती, निकाल मात्र एकच होता. स्कॉटिश पाहुण्याने सर्वांत कमी गुण दिले. "चांगली आहे," म्हणाला, "पण शेवटी पिशवी सोडायला सांगितलं तेव्हा ऐकलं नाही. सहकार्य शून्य." हाजी खळखळून हसले. म्हणाले, "सलुकी कधी कुणाचं ऐकते का?"

पुतण्याला निकाल कळवला. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, खरं आहे. पण याला बक्षीस बुलेट नाही ना."

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. जोवर गावात बुलेट सरळ रेषेच्या शेवटाला उभी आहे, तोवर पोरं सरळच पळणार. मी एवढंच म्हणालो, की मुधोळच्या नराची चौकशी कर. जाताना अण्णांना बरोबर ने, त्यांना पारख आहे.

ते दोघे फेब्रुवारीत जमखंडीमार्गे जाऊन आले. रस्ताभर भांडले असणार, कारण दोघांनीही मला वेगवेगळे फोन करून एकमेकांच्या तक्रारी केल्या. पण नर दोघांनाही पसंत पडला.

मागच्या आठवड्यात फोटो आला. गोठ्यात पोत्यावर हरणी आडवी आणि तिला लुचणारी पाच पिल्लं. हाजींना दाखवला. त्यांनी फोटो मोठा करून प्रत्येक पिल्लाची छाती आणि पाय निरखले आणि एकावर बोट ठेवलं. "ही ठेव. बाकीची चांगल्या घरी दे."

मी तसंच अण्णांना कळवलं. अण्णा म्हणाले, "तुझ्या त्या शेखला सांग, मीही तीच निवडलीय."